तीस पावलांवरची घंटी

माझ्या सासऱ्यांचा देवावर विश्वास होता की नाही हे मला अठरा वर्षांत कळलं नाही, पण नियम क्रमांक सातवर होता. सायकल परवान्याच्या नियमांचं एक छोटं निळं पुस्तक आहे. त्यात एकूण एक्केचाळीस नियम. त्यातला सातवा असा : ‘प्रत्येक सायकलीस घंटी असावी व ती तीस पावलांवरून स्पष्ट ऐकू यावी.’ बाकीचे चाळीस नियम त्यांना पाठ होते. सातवा त्यांच्या हाडात मुरलेला होता.

हुद्दा सायकल तपासनीस. आमच्या शहरात सायकल विकत घेणं सोपं, ती रस्त्यावर आणणं अवघड. आधी तिची नोंद करायची, मग सीटखालच्या नळीवर नंबर ठोकून घ्यायचा, मग हँडलला त्या वर्षाच्या रंगाचा बिल्ला लावायचा. बिल्ला दर वर्षी नवा, आणि तो मिळण्याआधी दर वर्षी तपासणी. नंबर ठोकायचं काम सासरे स्वतः करायचे. एका हातात आकड्याचा खिळा, दुसऱ्या हातात हातोडी, आणि वर्षातून चार-पाच वेळा हातोडी खिळ्याऐवजी बोटावर. त्यामुळे त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख मी कायम काळंच बघितलं. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते काळंच आहे.

मी त्यांच्याच कार्यालयात कारकून. नोंदवही माझी, बिल्ले माझ्या ताब्यात, शिक्का माझा, शिव्या समाईक. नोकरी आधी लागली आणि मुलगी नंतर दिली. ती देतानासुद्धा या गृहस्थांनी मला तपासून घेतलं. एका रविवारी अंगणात उभं केलं, स्वतः तीस पावलं चालत गेले, वळले आणि म्हणाले, “आता पूर्ण नाव सांगा.” मी सांगितलं. “ऐकू आलं,” ते म्हणाले आणि आत चहा सांगायला गेले. बायको अजून म्हणते की त्या दिवशी माझा घसा बसलेला असता तर तिचं कल्याण झालं असतं.

घरी मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला जावईबापू म्हणायचे. कार्यालयाचं फाटक ओलांडलं की मी ‘साहेब’ म्हणायचं आणि त्यांनी ‘कारकून’. एकदा कार्यालयात माझ्या तोंडून चुकून मामा निघून गेलं, तर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, “कोणाचे?” पुन्हा तशी चूक मी केली नाही.

कार्यालय म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीमागची पत्र्याची शेड. पूर्वी तिथे पाण्याचा टँकर उभा राहायचा. टँकर नव्या जागी गेला आणि आम्ही आत आलो. दोन टेबलं, लाथ मारल्याशिवाय बंद न होणारं एक कपाट, आणि पुढे फरसबंद अंगण. अंगणाला कमरेइतकी भिंत, भिंतीत फाटक, फाटकापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे पंक्चरवाल्याचं दुकान. या पंक्चरवाल्याला पुढे बरंच काम आहे, म्हणून त्याची ओळख आत्ताच करून देतो : पोट सुटलेलं, मिशा लोंबत्या, आणि स्वभाव असा की कोणी मदत मागितली नाही तर त्याला वाईट वाटायचं.

साहेबांची तपासणी बघायला लोक थांबायचे. ब्रेक, चेन, मागची लाल काच हे सगळं झालं की सायकलवाल्याला आतल्या भिंतीपाशी उभं करायचे आणि स्वतः फाटकाच्या दिशेने पावलं मोजत जायचे. अंतराची खूण म्हणून मी एकदा फरशीवर पांढरा पट्टा ओढून ठेवला होता. त्यांनी तो पुसायला लावला. “नियमात पावलं म्हटलंय. पट्टा म्हटलेलं नाही.” तिसाव्या पावलाला वळायचे, हाताची घडी घालायचे आणि डोळे वटारून सायकलवाल्याकडे बघत राहायचे. डोळे वटारायचं कारण असं, की एका टारगटाने घंटीवर नुसता अंगठा ठेवून तोंडाने ट्रिंगट्रिंग केलं होतं आणि बिल्ला घेऊन गेला होता. तेव्हापासून आधी बघायचं, मग ऐकायचं. ऐकू आली की “ठीक.” नाही आली की “नापास. दुरुस्तीला सात दिवस.” ओळखीचा असो, नात्यातला असो, नगरपालिकेतला कोणी मोठा असो. माझ्या बायकोची सायकल त्यांनी दोन वेळा नापास केली आहे, आणि ती त्यांची एकुलती एक मुलगी.

असा माणूस. आणि मग त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली असताना शहरातल्या घंट्या एकाएकी बिघडायला लागल्या.

आधी शंभरातल्या दहा-पंधरा नापास व्हायच्या. मग तीस झाल्या. मग एका महिन्यात साठ. साहेब तिसाव्या पावलावर उभे, सायकलवाला अंगठा मोडेपर्यंत वाजवतोय, मी टेबलापाशी बसून कानात बोटं घालतोय, आणि साहेब मान हलवतात : “नापास.” लोक माझ्याकडे बघायचे. मी नोंदवहीकडे बघायचो.

साहेबांचं निदान पक्कं होतं. “हल्लीच्या पितळात दम नाही,” ते म्हणायचे. “पूर्वी घंटी वाजली की कुत्रं उठून उभं राहायचं.”

कान गेलेत हे त्यांना न कळण्याचं कारण साधं होतं. कान सगळे गेले नव्हते, वरचे बारीक आवाज तेवढे गेले होते. मी कपाटामागे पंक्चरवाल्याशी दबक्या आवाजात केलेल्या चहाड्या त्यांना शब्दन् शब्द ऐकू यायच्या. कुकरच्या पाच शिट्ट्या मात्र कानावरून जायच्या. माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, यांचा आवाज बारीक. त्या सकाळपासून काय काय सांगायच्या आणि मामा पेपर वाचत बसायचे. “ऐकत नाहीत,” मामी म्हणायच्या. हे त्या लग्न झाल्यापासूनच म्हणत असल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

एकदा मी धीर करून म्हणालो, “मामा, कान एकदा दाखवून येऊ या का?”

“का? तुम्ही काल माझ्याबद्दल पंक्चरवाल्याला काय म्हणालात ते सांगू?”

त्यांनी सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. मी विषय बदलला.

पण नापासांचा आकडा वर गेला. लोकांनी तक्रारी केल्या, आणि नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं. पत्रात निळ्या पुस्तकातल्या नियम तीनचा उल्लेख होता. नियम तीन सांगतो की तपासनिसाची दृष्टी व श्रवण शाबूत असावं, नसल्यास त्याची अन्यत्र नेमणूक करावी. अन्यत्र म्हणजे कुठे हे सगळ्यांना माहीत होतं. मृत्यू नोंदणीचं टेबल रिकामं होतं. तिथे येणारे लोक हळू बोलतात, आणि ज्यांच्याबद्दल बोलतात त्यांना तर घाईच नसते. पत्र सुदैवाने आधी माझ्या हातात पडलं. पुढच्या तीन महिन्यांत आकडा सुधारला नाही तर कानांची तपासणी होईल, असं त्यात शेवटी लिहिलं होतं.

मामा मृत्यूच्या नोंदी करत बसलेत हे चित्र मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि मला ते सहन झालं नाही. मला त्यांचा राग यायचा, कंटाळा यायचा, कधी कधी त्यांचं ते निळं पुस्तक कपाटासारखं लाथेने बंद करावंसं वाटायचं. पण तिसाव्या पावलावर वळून उभा राहिलेला हा माणूस मला फार आवडायचा. तिथून हलवलं असतं तर त्यांच्यात मागे काय उरलं असतं, काळं नख? मी पत्र खणात सारलं आणि रस्ता ओलांडून पंक्चरवाल्याकडे गेलो.

त्याच्या दुकानाबाहेर एका बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव, म्हणजे चाकावर चढवतात ते कडं, टांगलेली होती. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. पान्याने ठोकली की ठण्ण करून जाड, खोल आवाज निघायचा. साहेब तपासणीला उभे राहायचे त्या जागेपासून ती दहा-बारा पावलांवर असेल, पण त्यांच्या पाठीमागे आणि भिंतीपलीकडे. आमचं ठरलं ते असं : सायकलवाल्याने घंटी वाजवताना मान जोरात खाली करायची. पंक्चरवाल्याने ती मान बघायची आणि धाव ठोकायची. बस.

पहिल्या दिवशी मी आलेल्या प्रत्येकाला मानेचं गुपचूप सांगून ठेवलं. एक दूधवाला उभा राहिला. त्याने घंटी वाजवली, मान खाली घातली, रस्त्यापलीकडून ठण्ण झालं. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

“ठीक,” ते म्हणाले. मग जवळ येऊन त्यांनी दूधवाल्याच्या घंटीवरून बोट फिरवलं. “बघा कारकून. याला म्हणतात पितळ.”

झालं, सगळ्या शहराने मिळून माझ्या मामांना मामा बनवलं, आणि त्याची सुरुवात मी केली. पुढच्या महिन्यात शंभरातल्या सत्त्याण्णव घंट्या पास झाल्या. मोठ्या साहेबांकडून अभिनंदनाचं पत्र आलं. ते मी खणात घातलं नाही. मामांनी ते चौकट करून घरी भिंतीवर लावलं, मुलीच्या लग्नाच्या फोटोच्या वर.

लोक मात्र लोकच. धाव वाजतेच म्हटल्यावर घंटीत पैसे कोण घालणार? कोणी जिभेविना घंटी लावून यायचा, कोणी नुसती वाटी. एका महाभागाने हँडलला डब्याचं झाकण बांधून आणलं, गंभीर चेहऱ्याने त्यावर अंगठा आपटला, मान खाली घातली, आणि बिल्ला घेऊन गेला. जाताना त्याने मला डोळा मारला. मी त्याची नोंद केली : घंटी, एक, ठीक. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं सांगायचं तर मी जेवलो. पण चव लागली नाही.

दोन वर्षं चाललेल्या या सगळ्या खेळाला नाही म्हणणारी एकच व्यक्ती निघाली. ती म्हणजे हेडबाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ ताठ, केस पांढरे, आणि सायकल त्यांच्या नोकरीइतकीच जुनी. त्यांची घंटी छोटी आणि आवाज बारीक, पण असा स्वच्छ की समोरच्या गल्लीतली माणसं शाळेची घंटा झाली समजून मनगटावरची घड्याळं बघायची. अर्ध्या शहराला त्यांनी शिकवलेलं. मी त्यातलाच.

साहेब यायच्या आधी फाटकाबाहेरच गाठून मी त्यांना हळूच समजावलं की वाजवताना मान तेवढी खाली घाला.

“का?”

मी सांगितलं का.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला एकदम अर्धी चड्डी घातल्यासारखं वाटलं. “माझ्या सायकलीला दुसऱ्याचा आवाज नको,” त्या म्हणाल्या. मग रस्त्यापलीकडे हात दाखवून म्हणाल्या, “आणि तू, मिशीवाल्या. पाना खाली ठेव.” पंक्चरवाल्याने पाना खाली ठेवला. त्यालाही त्यांनी शिकवलं होतं.

तपासणीला त्यांनी घंटी वाजवली. साहेब उभे. पुन्हा वाजवली.

“नापास,” साहेब म्हणाले. “बाई, घंटी बदला.”

“घंटी बदलणार नाही. घंटी बरोबर आहे.”

सात दिवसांनी पुन्हा नापास. त्यानंतर सात दिवसांनी तिसऱ्यांदा. जिच्या सायकलीला खरी घंटी होती अशी शहरात एकच बाई उरली, आणि बिल्ला नव्हता तो तिच्याच सायकलीला. तशीच ती बिनबिल्ल्याची सायकल घेऊन त्या रोज आमच्या फाटकावरून जायच्या. साहेब दात खायचे, पण हेडबाईंना अडवायचं कसं या विचारात ते असतानाच त्या निघून जायच्या.

एके दिवशी संध्याकाळी पाच वाजता कार्यालय बंद करून आम्ही फाटकाबाहेर पडलो. साहेब पुढे, मी कुलूप लावत मागे. पंक्चरवाल्याकडे हवा भरायला आठ-दहा जणं उभी होती. साहेबांनी डोकं वर न करता रस्ता ओलांडायला सुरुवात केली आणि डावीकडून घंटीचा आवाज आला. ट्रिंग. साहेब चालत राहिले. पुन्हा ट्रिंग. पुन्हा. मी “साहेब!” म्हणून ओरडलो तेव्हा पाच वेळा वाजून झाली होती. ब्रेक करकचले, हेडबाई एका बाजूला पडता पडता सावरल्या, आणि साहेब रस्त्यात बसले.

लागलं फारसं नाही. कोपर खरचटलं, टोपी उडाली. उठले ते गरजत उठले.

“बिल्ला नाही! नापास घंटी! आणि वर वाजवायचीही नाही!”

“पाच वेळा वाजवली,” हेडबाई म्हणाल्या. त्यांनी हँडल सरळ केलं.

“वाजवली असती तर मला ऐकू आली नसती का?”

 हवा भरणाऱ्याने पंप थांबवला. साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. जो तो आपापल्या चाकाकडे बघायला लागला. मग ते माझ्याकडे वळले.

“कारकून. तुम्हाला आली ऐकू?”

मला अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. म्हणजे दोन वर्षांत इतकं बोललो होतो की आणखी एक कोणाला जड गेलं नसतं. पण समोर हेडबाई उभ्या होत्या, आणि दुसरं म्हणजे आज त्यांच्या जागी एखादी मोटार असती, हा विचार माझ्या डोक्यात शिरला होता.

“आली,” मी म्हणालो.

“किती वेळा?”

“पाच.”

साहेबांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. “फाटक उघडा,” ते म्हणाले. “बाई, भिंतीपाशी उभ्या राहा.”

सगळी मंडळी अंगणात आली. साहेब कोपर धरून तीस पावलं चालले, वळले. मला शेजारी उभं केलं. “तुम्हाला ऐकू आली की हात वर करा.” हेडबाईंनी वाजवली. मी हात वर केला. माझ्या मागे न सांगता आठ-दहा हात वर झाले. साहेबांचे दोन्ही हात खाली होते.

ते पाच पावलं पुढे गेले. ट्रिंग. आमचे हात वर. आणखी पाच. पुन्हा आमचे हात वर. वीस पावलं, पंधरा, दहा. त्यांची पावलं लहान लहान होत गेली. सहा पावलं उरली तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, “आली.” मग, “सहा.”

मला वाटलं संपलं. पण हा माणूस तपासणी अर्धवट सोडणाऱ्यातला नव्हता. ते वळले आणि त्यांनी मला विचारलं, “मग इतके दिवस मला काय ऐकू येत होतं?”

मी रस्त्यापलीकडे बघितलं. पंक्चरवाला रस्ता ओलांडून गेला, पाना उचलला आणि एकदाच ठोकला. ठण्ण.

साहेबांनी डोळे मिटले. “हीच,” ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. पत्र, खण, मान, धाव, डब्याचं झाकण. सांगताना मला वाटत होतं की आता ओरडतील, आता हात उगारतील. त्यांनी नुसतं विचारलं, “कल्पना कोणाची?” आणि मी माझी म्हणाल्यावर आत गेले.

आत त्यांनी आधी एक बिल्ला काढला आणि स्वतः बाहेर येऊन हेडबाईंच्या हँडलला लावला. “चूक माझी,” त्यांना म्हणाले. मग पुन्हा खुर्चीवर बसून तपासणीचा एक कोरा फॉर्म घेतला आणि भरला. तो फॉर्म माझ्याकडे अजून आहे. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात रेघ. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव. ब्रेक : ठीक. मागची काच : लागू नाही. घंटी : ठीक, परंतु ऐकू येत नाही. निकाल : नापास. दुरुस्तीस मुदत सात दिवस. खाली सही. दुसऱ्या कागदावर दुसरी सूचना : गेल्या दोन वर्षांत पास केलेल्या सर्व सायकली पुन्हा तपासणीस आणाव्यात.

मग ते घरी गेले आणि सात दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या सात दिवसांत शहराने मला इतक्या शिव्या घातल्या की त्यांची वेगळी वही करावी लागली असती. पंक्चरवाल्याकडे घंट्यांसाठी रांग लागली. डब्याच्या झाकणवाल्याने मला पुन्हा डोळा मारला नाही. नगरपालिकेने मला आठवड्यापुरता प्रभारी तपासनीस केलं, आणि मृत्यू नोंदणीचं टेबल पुसून ठेवलं.

मामांच्या घरची बातमी बायको आणायची. तिसऱ्या दिवशी मामांनी कानातलं मशीन घेतलं. मशीन घातल्याबरोबर त्यांना पहिल्यांदा काय ऐकू आलं, तर मामी स्वयंपाकघरात त्यांच्याबद्दल बडबडत होत्या ते. मामी हे गेली दोन-तीन वर्षं बिनधास्त, चांगल्या खुल्या आवाजात करत आल्या होत्या. मामा दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पुन्हा म्हण.” मामींच्या हातातली कढई पडली. तो आवाजही त्यांना फार मोठा वाटला. मग फ्रीज घुंई करतोय म्हणून तो बंद करायला लावला. मग पेपरची पानं उलटताना कानठळ्या बसतात म्हणाले. “ऐकू येत नव्हतं तेव्हा निदान शांतता होती,” मामी मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसता हसता रडल्या.

“माझ्याबद्दल काही बोलले?” मी विचारलं.

“तुझं नाव काढलं की मशीन काढून ठेवतात,” मामी म्हणाल्या.

आठव्या दिवशी सकाळी अंगण भरलं होतं. रांग फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून पंक्चरवाल्याच्या दारापर्यंत. आणि रांगेत पंधराव्या नंबरवर, आपली सायकल हाताने धरून, मामा उभे. लोक पुढे जा म्हणत होते, ते जात नव्हते. डाव्या कानामागे मशीनची छोटी वळी दिसत होती. नंबर आला तेव्हा त्यांनी तो नापासाचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

“सात दिवस झाले,” ते म्हणाले. सात दिवसांतलं पहिलं वाक्य. “तपासणी खरी करा. या वेळी खरी.”

मी त्यांची सायकल घेतली आणि भिंतीपाशी गेलो. ते तीस पावलं चालत गेले आणि वळले. मागे रस्त्यापलीकडे पंक्चरवाल्याने धाव उतरवून जमिनीवर ठेवली होती आणि तिच्यावर बसला होता.  ज्यांनी आठवडाभर मला शिव्या दिल्या ती माणसं आता श्वास धरून उभी होती.

खरी तपासणी म्हणजे काय, हे रात्रभर माझ्या डोक्यात चाललं होतं. मी नुसती घंटी वाजवली, तर अंगठा त्यांना दिसणारच. अंगठा बघून कोणीही म्हणेल ऐकू आली. त्यांच्याऐवजी मी तिथे असतो तर म्हणालो असतो. मागे मृत्यू नोंदणीचं टेबल पुसून ठेवलेलं आणि पुढे सगळं शहर बघतंय, म्हटल्यावर कोण म्हणणार नाही? म्हणून मी डाव्या हाताने घंटीची वाटी घट्ट धरली, आवाज निघू नये अशी, आणि उजव्या अंगठ्याने खटका दाबला. ते बहिरे राहिलेत का याची मला भीती होतीच. पण ते ‘ठीक’ म्हणाले तर, याची त्याहून जास्त होती. कारण मग आम्ही दोघं सारखेच ठरलो असतो.

घंटी वाजली नाही. मामा माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा खटका दाबला. रांगेतलं कोणीतरी खोकलं.

मामांचा काळ्या नखाचा अंगठा कानामागच्या मशीनकडे गेला आणि परत खाली आला. मग, गेल्या अठरा वर्षांत कार्यालयात एकदाही घातली नव्हती अशी हाक, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी मला घातली.

“जावईबापू, वाटीवरचा हात काढा. नुसतं टक् टक् ऐकू येतंय.”